काढून घेण्याचे शास्त्र
पॉलीहाऊसमधील उन्हाळी ताणावरच्या हस्तपुस्तिकेची प्रस्तावना

पॉलीहाऊसमध्ये पाऊस पडत नाही. गोष्ट इतकी उघड आहे की तिचा विचार कुणी करत नाही. उघड्या शेतात खतांचा जो काही अतिरेक होतो, त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरमधला पाऊस धुऊन नेतो. २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकखाली ती सोय नाही. ठिबकमधून जे सोडले आणि झाडाने उचलले नाही, ते गादीवाफ्यातच राहते. पुढच्या आठवड्याचे त्यावर चढते, त्याच्या पुढचे त्याच्यावर. थंडीत हे खपून जाते. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात ऊन चढू लागले की हा साठा अंगावर येतो आणि एका दुपारी ढोबळीचे शेंडे माना टाकतात.

त्या दुपारनंतर काय करायचे, एवढाच या हस्तपुस्तिकेचा विषय आहे. पॉलीहाऊस कसे उभारावे, कोणते वाण लावावे, दोन फांद्यांवर घ्यावे की चार, याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. उन्हाने आणि खताने एकाच वेळी गांजलेले उभे पीक पुन्हा मार्गी कसे लावावे, हे मात्र सलग आणि एका ठिकाणी वाचायला सहसा मिळत नाही. ढोबळी मिरचीचे पीक एका हंगामाचे असते, तिच्याबाबत एखादा शेतकरी हात टेकून ‘उपटून टाकू’ म्हणू शकतो. जरबेरा अडीच-तीन वर्षे ठेवायचा असतो, गुलाब त्याहून जास्त. दहा गुंठ्यांत जरबेऱ्याची सहा हजारांच्या आसपास रोपे बसतात आणि त्या रोपांना दोन-तीन उन्हाळे काढायचेच असतात. त्यांच्या मालकाला सावरण्याचे तंत्र शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

आज प्रत्यक्षात काय होते? झाड मलूल दिसते. मलूल म्हणजे अशक्त आणि अशक्त म्हणजे उपाशी, असा आपला सरळ हिशेब. मोबाइलमधला फोटो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दाखवला जातो आणि तिथून ह्युमिक, सीवीड आणि अमिनो अशा तीन बाटल्या घेऊन माणूस परततो. संध्याकाळपर्यंत धीर निघत नाही, म्हणून दुपारीच फवारणी होते. जोडीला ‘एकोणीस-एकोणीस’ या विद्राव्य खताचा डोस थोडा वाढवला जातो. चार दिवसांनी पानांच्या कडा करपतात आणि मग बुरशीनाशकाची बाटली येते. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. पण ताप भरलेल्या माणसाच्या पानात आपण पुरणपोळी वाढत नाही, ही साधी समज झाडाच्या बाबतीत मात्र हरवते.

या पुस्तिकेचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल: ताणातल्या झाडाला आधी काही द्यायचे नसते, त्याच्याकडून काढून घ्यायचे असते. तीन गोष्टी काढून घ्यायच्या: ऊन, मीठ आणि भार. त्याही याच क्रमाने. खताची पाळी त्यानंतर येते. पुढची सगळी प्रकरणे म्हणजे या वाक्याचा विस्तार आहे. ते खरे का आहे, याची मांडणी या प्रस्तावनेत करतो.

सुरुवात सांगाड्यापासून करू. १९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर पुण्याच्या आसपास निर्यातीसाठी फुले पिकवणारी मोठी हरितगृहे उभी राहिली, ती हॉलंड आणि इस्राएलकडून आलेल्या तंत्रावर. त्यांतली बरीचशी टिकली नाहीत. पुढे तळेगाव दाभाड्याला एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क झाले, व्हॅलेंटाइन डेसाठी मावळातला गुलाब परदेशी जाऊ लागला. २००५ साली राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले आणि अनुदानाच्या आधाराने नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत दहा-वीस गुंठ्यांची पॉलीहाऊस गावोगाव दिसू लागली. तळेगावच्या प्रशिक्षण केंद्रात जाऊन आलेला एखादा तरी शेतकरी आज या पट्ट्यातल्या बहुतेक तालुक्यांत भेटतो.

हॉलंडचे काचघर ऊब धरून ठेवण्यासाठी जन्माला आले. तिथला प्रश्न थंडीचा आणि अपुऱ्या उजेडाचा. आपला प्रश्न नेमका उलटा. एप्रिलमध्ये पुण्याकडे दर चौरस मीटरवर दिवसाला साडेसहा-सात युनिट विजेएवढी सौरऊर्जा पडते. प्लास्टिकमधून तिचा मोठा भाग आत येतो आणि आतली गरम हवा बाहेर पडायला वाट कमी असते. म्हणून आपल्याकडच्या पॉलीहाऊसची गटरपर्यंतची उंची, वरची खिडकी, बाजूचे पडदे आणि वाऱ्याच्या दिशेशी जुळवलेली मांडणी यांनाच खरे महत्त्व आहे. उभारणीच्या वेळी लोखंड वाचवण्यासाठी उंची दोन फुटांनी कमी केली असेल, तर ती बचत दर उन्हाळ्यात व्याजासकट वसूल होते.

पण सांगाड्याहून मोठे काम झाडे स्वतः करत असतात. उन्हाळ्यात वाढलेले पीक दिवसाला दर चौरस मीटरमागे तीन लिटरच्या आसपास पाणी पानांवाटे सोडते असे धरू. दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर, म्हणजे रोज ३,००० लिटर. एका लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता लागते. हिशेब केला तर ३,००० लिटरच्या वाफेबरोबर २,००० युनिट विजेइतकी उष्णता रोज शोषली जाते. एवढ्या क्षमतेचे कूलिंग विकत घ्यायचे म्हटले तर ते कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. झाडे ते फुकट करतात, एका अटीवर: मुळांनी पाणी ओढले पाहिजे.

ही अट मोडते कशी, ते समजले की निम्मा विषय समजला. हवा किती जोराने पानातले पाणी ओढते, ते मोजायला सल्लागार मंडळी ‘व्हीपीडी’ हा शब्द वापरतात. हवेत मावू शकणारी वाफ आणि प्रत्यक्षात असलेली वाफ यांच्या दाबांतला हा फरक. २५ अंश सेल्सिअस आणि ७० टक्के आर्द्रता असताना तो १ किलोपास्कलच्या आत असतो; बहुतेक पिकांना हे मानवते. ४० अंश आणि ३० टक्के आर्द्रता झाली की तोच आकडा ५ किलोपास्कलच्या वर जातो. तापमान दुपटीनेही वाढले नाही, पण पानावरची ओढ पाच पटींनी वाढली. झाड काही काळ पुरवठा करते. मग ते पर्णरंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की पाणी वाचते. पण कर्बवायू आत येत नाही, म्हणजे अन्न तयार होणे थांबते, आणि वाफ बाहेर जात नाही, म्हणजे पान तापू लागते. त्याच वेळी श्वसन चालूच असते, नव्हे, तापमानाबरोबर वाढत असते. मिळकत बंद आणि खर्च वाढलेला, अशी ही दुपार असते.

ढोबळी मिरचीला दिवसा २१ ते २५ आणि रात्री १८ ते २० अंश मानवतात. पारा ३२ च्या वर राहू लागला की परागकण निकामी होऊ लागतात आणि रात्रही गरम राहिली की फुले गळतात. इथे एक गोष्ट नेहमी निसटते. दुपारच्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, रात्रीच्या आकड्याकडे कुणाचेच नसते. थंडीतल्या सवयीने संध्याकाळी पडदे खाली सोडले जातात आणि दिवसभराची ऊब रात्री आत कोंडली जाते. वाऱ्या-पावसाचे लक्षण नसेल तर एप्रिल-मेमध्ये रात्रीही पडदे वर हवेत.

आता मिठाकडे. मीठ म्हणजे इथे खायचे मीठ नव्हे. पाण्यात विरघळलेला प्रत्येक क्षार, म्हणजे विद्राव्य खतसुद्धा. हे मोजण्याचे साधन म्हणजे ईसी मीटर. खिशात मावणारे यंत्र, पाण्यात बुडवले की पाण्यातून वीज किती सहज वाहते ते सांगते; क्षार जितके जास्त, आकडा तितका मोठा. बोअरवेलच्या पाण्याचा ईसी ०.८ डेसिसिमेन्स प्रति मीटर असेल तर आपण ते ‘चांगले पाणी’ म्हणतो, आणि ते आहेही. तरी त्या पाण्याच्या एका लिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. रोज ३,००० लिटर म्हणजे दिवसाला दीड किलो, महिन्याला ४५ किलो, आणि यात खताचा एक दाणाही धरलेला नाही. त्यावर ‘बारा-एकसष्ट’, ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’, कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट. झाड यातले काही उचलते. बाकीचे कुठे जाणार? वर प्लास्टिक आहे, पाऊस नाही.

पिकांची मिठाची सहनशक्ती सारखी नसते. मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ साली पिकांच्या क्षारसहनशीलतेची जी कोष्टके मांडली, ती आजही वापरात आहेत. त्यांत टोमॅटोची मर्यादा २.५ डेसिसिमेन्स प्रति मीटर आहे, मिरचीची १.५ आणि स्ट्रॉबेरीची १. मिरचीच्या मुळांशी मर्यादेपेक्षा दर एक एकक ईसी वाढला की उत्पादन सुमारे १४ टक्के घटते. म्हणजे ३.५ ईसी असलेल्या वाफ्यात कोणतेही लक्षण दिसण्याआधी पाव हिस्सा माल गेलेला असतो. हे आकडे माती पाण्याने पूर्ण भिजवून, तिच्यातून काढलेल्या अर्काचे आहेत, हे लक्षात ठेवायचे. आपण घरी एक भाग माती आणि दोन भाग पाणी ढवळून, गाळून जो आकडा काढतो तो याहून बराच कमी येतो. दोन्ही एकमेकांशी ताडले की फसगत होते. घरच्या पद्धतीचा उपयोग आपल्याच वाफ्याचा गेल्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा आकडा यांची तुलना करण्यासाठी.

आणखी एक फसवी जागा. ‘एकोणीस-एकोणीस’मधले निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. युरिया पाण्यात विरघळला तरी वीज वाहून नेत नाही, म्हणून टाकीत मीटर बुडवला की आकडा कमी दिसतो आणि ‘अजून एक किलो चालेल’ असे वाटते. मातीत जाऊन त्याचे अमोनियम आणि मग नायट्रेट झाले की तोच ईसी वाफ्यात प्रकट होतो. टाकीचा आकडा आणि मुळांचा आकडा एक नव्हे.

खतांचे शास्त्र आणि क्षारांचे शास्त्र वेगवेगळ्या घरांत वाढले, हेही आपल्या गोंधळाचे एक कारण आहे. वनस्पतींच्या खनिज पोषणाचा विचार जर्मनीत लीबिगने १८४० साली जोरकसपणे मांडला, त्यानंतर ‘झाडाला काय आणि किती द्यावे’ हा शेतीशास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न झाला. मीठ मुरलेल्या जमिनी बऱ्या कशा करायच्या, याचा विचार मात्र कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेत झाला आणि १९५४ साली तिथून निघालेली मार्गदर्शिका जगभर पोहोचली. पण ती कोरड्या मुलखातल्या कालव्याखालच्या शेतांसाठी होती. पॉलीहाऊसचा शेतकरी दोन्हींच्या मधोमध उभा आहे. खतविक्रेता त्याला पहिल्या शास्त्रातले सांगतो, दुसऱ्या शास्त्रातले सांगायला कुणी येत नाही.

ऊन आणि मीठ ही दोन दुखणी वेगळी नाहीत, हे मला ठासून सांगायचे आहे. मुळांभोवतीचे पाणी खारट झाले की ते ओढायला झाडाला जास्त जोर लागतो. पाणी कमी ओढले गेले की पान थंड राहत नाही. पाने थंड राहिली नाहीत की सगळे पॉलीहाऊस तापते. हवा तापली की पानावरची ओढ वाढते आणि वाफ्यातले पाणी झपाट्याने कमी होऊन उरलेले आणखी खारट होते. हे चक्र एकदा फिरू लागले की प्रत्येक दुपार आदल्या दुपारपेक्षा वाईट जाते. याची खूण साधी आहे: वाफा हाताला ओला लागतो आणि झाड मात्र कोमेजलेले असते. ओल्या वाफ्यातले कोमेजलेले झाड पाणी मागत नसते. तिथे आणखी पाणी तुंबवले तर मुळांचा श्वास कोंडतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात ७ मिलिग्रॅमदेखील मावत नाही.

लक्षणे वाचताना घाई होते, म्हणून पान जवळून पाहण्याची सवय लावून घ्यावी. उन्हाचा ताण असेल तर वरची, उघड्यावरची पाने कडांनी वर वळतात. संध्याकाळी किंवा पहाटे पाहिली तर बरीचशी पूर्ववत असतात. मिठाचा ताण असेल तर खालच्या, जुन्या पानांचे टोक आधी करपते, मग कडेने तपकिरी पट्टा आत सरकतो, आणि पहाटेही त्यात फरक पडत नाही. नत्राचा अतिरेक असेल तर पाने काळपट हिरवी, जाडसर होतात आणि टोके खाली वाकतात. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता दिसते खरी; पण बहुतेक वेळा वाफ्यात लोह असते, पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच चढलेला असतो किंवा मुळे दुखावलेली असतात. फळाच्या बुडाशी काळा, दबलेला डाग म्हणजे कॅल्शियम तिथवर पोहोचले नाही. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर जाते, आणि वाफ सोडणारी पाने तो प्रवाह स्वतःकडे ओढतात, फळाच्या वाट्याला थोडेच येते. वाफ्यात कॅल्शियम भरपूर असूनही हा डाग पडू शकतो.

या सगळ्यात भर घालणारी दोन कीडजन्य दुखणी आहेत. उन्हाळ्यात फुलकिडे आणि कोळी वाढतात. फुलकिड्यांनी पान वर वळते, पिवळ्या कोळ्याने खाली वळते, आणि शेतकरी दोन्हींना ‘बोकड्या’ म्हणून मोकळा होतो. उन्हाने वळलेल्या पानावर कोळीनाशक आणि कोळ्याने वळलेल्या पानावर टॉनिक, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दहा पट मोठे दाखवणारे भिंग शंभर-दोनशे रुपयांना मिळते. पान उलटे करून त्यातून पाहिल्याशिवाय फवारणीचा निर्णय घेऊ नये.

आता काढून घेण्याचा क्रम. पहिले ऊन. सावलीची जाळी सकाळी दहा-अकराला ओढायची आणि चारच्या सुमारास परत सारायची. दिवसभर ओढून ठेवली तर झाड थंड राहते पण उपाशी राहते, कारण उजेड हेच त्याचे खरे अन्न. खत हे त्या अन्नातले चवीपुरते. पडदे आणि वरची खिडकी उघडी ठेवून धुके सोडणारा फॉगर थोडा थोडा वेळ चालवायचा. पडदे बंद करून फॉगर चालवला तर काही मिनिटांत आत दमट भट्टी होते. फॉगरची मर्यादाही ओळखायला हवी. वाफेने थंडावा मिळतो तो ओल्या फडक्याच्या तापमापकाइतकाच. विदर्भ-मराठवाड्यात ४० अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तेव्हा ती पातळी २६ अंशांच्या आसपास असते, म्हणून तिथे फॉगर जादू करतो. कोकणात किंवा गोव्यात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ती २९ अंशांच्या आसपास असते. तिथे फॉगरने फार काही हाती लागत नाही, वारा खेळता ठेवणे हाच उपाय. आणि कुठेही असलात तरी चारनंतर फॉगर बंद, कारण ओली पाने घेऊन रात्र काढणाऱ्या पिकावर बुरशी येते.

याच पायरीवर एक गोष्ट हाताने तपासावी. दुपारी एक वाजता ठिबक सुरू करून ड्रिपरखाली तळहात धरा. उन्हात पडलेल्या काळ्या लॅटरलमधले पहिले पाणी चटका बसण्याइतके गरम येते. तेच आपण मुळांवर ओतत असतो. लॅटरल झाकल्या, किंवा पाण्याच्या पाळ्या सकाळी लवकर सुरू करून छोट्या छोट्या केल्या, म्हणजे नळीत पाणी तापत पडणार नाही, तर एवढ्यानेही फरक दिसतो.

दुसरे मीठ. ते काढायचा मार्ग एकच: साधे पाणी वरून देऊन खाली निचरा करणे. एक फूट खोल मातीतून तेवढेच खोल पाणी झिरपले की साधारण ८० टक्के क्षार निघून जातात, असा जुना ठोकताळा आहे. पण वाफ्याला निचरा हवा. लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस घालून नीट भरलेल्या गादीवाफ्यात हे जमते; काळ्या मातीवर थेट लावलेल्या पिकात हाच उपाय अपाय होतो. धुवायचे ते पहाटे किंवा सकाळी, दोन-तीन टप्प्यांत, आणि आधी-नंतर ईसी मोजून. कोकोपीटच्या पिशव्या असतील तर निव्वळ पाण्याऐवजी कॅल्शियम नायट्रेटचे हलके द्रावण घ्यावे, कारण कोकोपीट सोडियम आणि पोटॅश धरून ठेवते आणि कॅल्शियमच त्यांना जागा सोडायला लावते. पिशवीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा ईसी आत जाणाऱ्याच्या जवळ आला की थांबायचे.

तिसरा भार, आणि तो काढताना हात सर्वांत जास्त थरथरतो. आजारी झाडावरची फळे काढायची. ढोबळीचे उन्हाने पांढरे चट्टे पडलेले, बुडाशी काळवंडलेले फळ तर काढायचेच, पण नुकती धरलेली काही चांगली फळेही काढायची. हिरवी विकली गेली तर उत्तम; लाल-पिवळा रंग भरण्याची वाट पाहत बसू नये. गुलाबाच्या कळ्या खुडून फांद्या वाकवून ठेवायच्या, जरबेऱ्याचे कोवळे दांडे मोडायचे. फळ आणि फूल हे झाडाच्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असते. ते दूर झाले तरच साखर मुळांकडे जाते आणि नवी पांढरी मुळे फुटतात. पाने मात्र लगेच काढू नयेत. करपलेले पान दिसायला वाईट असते, पण तेही खालच्या खोडावर आणि फळावर सावली धरते.

एवढे झाले की मग खत, तेही नेहमीच्या निम्म्या तीव्रतेचे. उन्हात अमोनियम आणि युरियापेक्षा नायट्रेट बरे, म्हणून सुरुवात कॅल्शियम नायट्रेटने करावी आणि ते फॉस्फेट किंवा सल्फेटच्या खतांबरोबर एका टाकीत कधीच मिसळू नये. तळाला पांढरा गाळ बसला म्हणजे ते खत झाडासाठी संपले. पूर्ण डोसवर कधी यायचे, हे कॅलेंडर ठरवत नाही. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, तेव्हा जुन्या पानांकडे पाहून सुधारणा मोजता येत नाही. शेंड्याला फुटलेली नवी दोन-तीन पाने सपाट आणि स्वच्छ आली आणि मल्चिंग उचलून बोटाने माती बाजूला केल्यावर पांढरी टोके दिसली, की वाढवावे. याला दहा-पंधरा दिवस लागतात. हे दिवस काही न करता काढणे हेच या सगळ्यातले कठीण काम आहे.

पुस्तिकेच्या शेवटी एक छोटे प्रकरण झाडांविषयी नाही, माणसांविषयी आहे, आणि ते वाचल्याशिवाय पुस्तिका मिटू नये. पॉलीहाऊसमध्ये तोडणी, फांद्या दोरीला गुंडाळणे, पानांची विरळणी ही कामे बहुतेक ठिकाणी गावातल्या बायका करतात. ज्या हवेत मिरचीचे फूल टिकत नाही, त्या हवेत त्या दुपारभर उभ्या असतात. उन्हाळ्यात कामाची वेळ पहाटेची केली की माणूस वाचतो आणि मालही जास्त टिकतो, कारण पहाटे तोडलेले फूल आणि फळ पाण्याने भरलेले असते. मालकाने याकडे उपकार म्हणून पाहू नये. कामाची ती शहाणी वेळच आहे.

ही पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायलाच हवी असे नाही. संकटात सापडलेल्याने आधी क्रमाचे प्रकरण उघडावे, मग लक्षणांचे. हंगामापूर्वी वाचणाऱ्याने पाणी आणि क्षारांचा हिशेब आधी वाचावा. आकडे आपल्या पिकाशी आणि पाण्याशी पडताळून घ्यावेत. गावागणिक पाणी बदलते आणि शेजाऱ्याचा डोस आपला होऊ शकत नाही.

सांगाड्यावर लाखो रुपये घालणारे आपले शेतकरी दोन-तीन हजारांचा ईसी मीटर घेताना हात आखडता घेतात. तो आखडू नका. मीटर घ्या, कमाल-किमान तापमापक टांगा, आणि दोन्हींचे आकडे रोज एका वहीत लिहा. मार्च उजाडण्याआधी वाफ्याचा ईसी एकदा तपासा, लागला तर तेव्हाच धुऊन घ्या. आणि एवढे करूनही एखाद्या दुपारी पिकाने मान टाकलीच, तर कृषी सेवा केंद्राला फोन लावण्यापूर्वी खताच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा.